बाजू सर

लग्नाच्या मांडवात शिरल्यावर कोणी आधी नवरी बघतं, कोणी आचाऱ्याचा रागरंग बघतं. आमचे बाजू सर दोन्हीकडची डोकी मोजतात. वराकडचे किती, वधूकडचे किती, हा आकडा मुहूर्ताच्या आधी त्यांच्याकडे तयार असतो. अंतरपाट धरला की शेजारच्याच्या कानाशी लागून म्हणतात, "हा बाण समज. डावीकडं दोन अभिक्रियाकारकं. पाच मिनिटं थांब, उजवीकडं एकच उत्पादित." शेवटची अक्षता पडली की समाधानाने मान हलवतात. "बघ, अणू होते तेवढेच. बांधणी तेवढी बदलली."

सरांचं खरं नाव शाळेच्या पगारपत्रकावर होतं आणि ते तिथेच राहिलं. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावाला ते बाजू सर म्हणूनच ठाऊक. वर्गात पाऊल टाकताच, हजेरीच्याही आधी, ते हात पसरून विचारायचे, "दोन्ही बाजू?" आणि साठ पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची, "सारख्या!" हा संस्कार मुंजीपेक्षा पक्का बसला. मध्यंतरी लासलगावच्या स्टँडवर सरांनी एका ओळखीच्याला सहज हाक मारली, "काय रे, दोन्ही बाजू?" तर समोरच्या बसमधून तीन थोराड आवाज आले, "सारख्या!" त्यातला एक कंडक्टरचा होता. त्याने त्या भरात डबल बेलही मारली.

सरांचा भांगसुद्धा डोक्याच्या मधोमध. शर्टाला खिसे दोन, डाव्यात पांढरे खडू, उजव्यात रंगीत. बाजारातून सायकलवर येताना हँडलच्या डाव्या बाजूला दोन किलो कांद्यांची पिशवी असेल, तर उजवीकडच्या पिशवीत वीट असायची. ही वीट ते बाजारात जाताना घरूनच न्यायचे. "मग जाताना डावीकडं काय असतं?" असं मी एकदा विचारलं. सर माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "दुसरी वीट."

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' हा धडा तसा चार-सहा तासांत संपणारा. सरांच्या हाती तो श्रावणात सुरू व्हायचा आणि दिवाळीच्या फराळापर्यंत पुरायचा. फळ्यावर मधोमध ते एक बाण काढत. पट्टी न लावता काढलेला तो बाण ओळंब्याला लाजवेल इतका सरळ असे. मग डावीकडे लिहीत, एच-टू अधिक ओ-टू. उजवीकडे एच-टू-ओ.

"घ्या हजेरी!"

आम्ही हजेरी घ्यायचो. हायड्रोजन डावीकडे दोन, उजवीकडे दोन. ऑक्सिजन डावीकडे दोन, उजवीकडे एक.

"एक ऑक्सिजन कुठं गेला? सकाळी शाळेत आला होता, संध्याकाळी घरी पोचला नाही. आईबाप काय म्हणतील मला?"

वर्गात शोककळा. ऑक्सिजनचे आईबाप शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिलेत, असं आम्हाला खरोखर वाटायचं.

आता हरवलेलं पोर शोधायचा सोपा मार्ग मला दिसला होता. पहिल्या चाचणीत मी उजवीकडच्या एच-टू-ओच्या शेवटी, खाली, एक बारीकसा दोन लिहून टाकला. झाला की दोन्हीकडे दोन-दोन ऑक्सिजन! पेपर देताना सरांनी मला उभं केलं. दप्तरातून कापूस आणि एक तपकिरी बाटली काढली. आदल्या दिवशी कबड्डीत माझा गुडघा फुटला होता, त्यावर बाटलीतलं औषध टेकवलं. फस्स करून पांढरा फेस आला आणि मी एका पायावर नाचू लागलो.

"हे तुझं पाणी," सर म्हणाले. "एच-टू-ओ-टू. हायड्रोजन पेरॉक्साइड. घरी तहानलेला पाहुणा आला, तर पाजशील का तांब्याभर?"

मग वर्गाकडे वळून त्यांनी त्यांचं महावाक्य ऐकवलं. "माणसाच्या पाया जरूर पडा. पण रेणूच्या पायाला हात लावायचा नाही! खालचा आकडा ही त्याची जात-कुळी, तो बदलला की पदार्थच बदलला. तुम्हाला अधिकार फक्त पुढच्या आकड्याचा. किती रेणू बोलवायचे ते तुम्ही ठरवा, कसे यायचे ते ते ठरवतील."

मग पुढे दोनाचा आकडा टाकला. दोन एच-टू, एक ओ-टू, दोन एच-टू-ओ. चार हायड्रोजन इकडे, चार तिकडे. दोन ऑक्सिजन इकडे, दोन तिकडे. हरवलेला पोरगा घरी पोचला. माझे दोन मार्क मात्र गेले. एक डाव्या बाजूचा, एक उजव्या.

सरांच्या हजेरीलाही क्रम होता. आधी धातू, मग अधातू, मग हायड्रोजन, आणि सगळ्यात शेवटी ऑक्सिजन. का, तर ऑक्सिजन जवळजवळ प्रत्येक रेणूत असतो. त्याला आधी हात घातला की बाकीचं सगळं विसकटतं. "ऑक्सिजन म्हणजे घरची थोरली सून," सर सांगायचे. "सगळ्या पंगती उठल्यावर ती जेवायला बसते. उरलंसुरलं तिच्या पानात बरोबर जुळतं." हे वाक्य ते गेली कित्येक वर्षं म्हणत होते, आणि त्यात काही चुकतंय असं त्यांना किंवा आम्हाला कधी वाटलं नव्हतं.

सल्फेट दोन्हीकडे जसंच्या तसं दिसलं, की त्यातलं गंधक वेगळं आणि ऑक्सिजन वेगळा मोजायला मनाई. "एकत्र कुटुंब आहे ते. इकडून बिऱ्हाड उचललं, तिकडं मांडलं. कुटुंब एकच धरा." ही शिकवणी फक्त वर्गात चालायची असं नाही. आमचा मुलूख द्राक्षांचा. ऑक्टोबरची छाटणी झाली आणि ढग आले, की बागाईतदाराची झोप उडते. डाऊनी येऊ नये म्हणून बोर्डो मारायचं. एक टक्क्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. सर सायकलवरून जाताना कुठे प्लास्टिकच्या पिंपात निळं पाणी ढवळताना दिसलं, की सायकल आपोआप थांबायची.

एकदा मी आमच्या मळ्यात वडिलांना मदत करत होतो. सर बांधावर उतरले आणि म्हणाले, "विळा आण."

विळा आणला. सरांनी पातं निळ्या द्रावणात बुडवून थोडा वेळ धरलं आणि बाहेर काढलं. लोखंडी पात्यावर तांबूस थर चढला होता, जुन्या पैशासारखा.

"दिसलं? लोखंड आत गेलं, तांबं बाहेर आलं. अणूला अणू, एकास एक! या समीकरणाला मी हात लावला नाही, जन्मतःच जुळलेलं आलंय. अशी लेकरं फार थोड्या घरांत जन्मतात." त्यांनी पातं उन्हात धरून कौतुकाने फिरवलं.

वडील म्हणाले, "ते सगळं खरं सर, पण बाग जळंल का वाचंल?"

"तांबं मोकळं आहे अजून. असंच मारलंस तर पानं करपतील. चुना वाढव."

चुन्याची निवळी आणखी ओतली, विळा घासून परत बुडवला. या वेळी पातं स्वच्छ निघालं. वडिलांनी त्या दिवसापासून सरांना मानलं, आणि सरांनी त्या दिवसापासून आमचा विळा.

तिथेच पिंपाच्या काठाशी बसून त्यांनी आम्हाला फ्रान्सला नेऊन आणलं. बोर्दो भागातले बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. कशासाठी, तर जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून! निळे डाग दिसले की चोर बिचकायचा. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की रस्त्याकडच्या या वेलींवर रोग नाही. १८८५ साली त्याने ते औषध जगापुढे मांडलं. "म्हणजे बघ," सर माझ्याकडे रोखून म्हणाले, "द्राक्षचोरांनी रसायनशास्त्राची केवढी सेवा केली." आदल्या वर्षी त्यांच्याच मेहुण्याच्या बागेत कोण शिरलं होतं हे त्यांना पक्कं माहीत होतं.

लाव्हाझिए हे सरांचं दैवत. गणपतीशेजारी त्याची तसबीर लावावी असं त्यांच्या मनात होतं, पण काकूंनी चपलेसकट कोणाला देव्हाऱ्यात घेतलं नाही. लाव्हाझिएने काचेच्या बंद भांड्यात पारा बारा दिवस कसा तापवला, तराजूवर कसा विश्वास ठेवला, हे सांगताना सरांचा आवाज कीर्तनकारासारखा चढायचा. १७८९ साली त्याने आपल्या ग्रंथात द्राक्षरसाच्या आंबण्याचा हिशेब मांडला आणि लिहिलं की द्राक्षाचा रस बरोबर कार्बॉनिक आम्ल अधिक अल्कोहोल. सर सोसायटीच्या कट्ट्यावर हे सांगून म्हणायचे, "ऐका! रसायनशास्त्राची बरोबरीची खूण द्राक्षाच्या शेतातून गेलीये."

"मग सर," कट्ट्यावरचा एक बागाईतदार म्हणाला, "औंदा व्यापारी माल भरून घेऊन गेला, चेक वटला न्हाई, गडी फोन उचलंना. ते पैसे कोणत्या बाजूला धरायचे?"

सर क्षणभर थांबले. "वस्तुमान नष्ट होत नाही. ते दुसरीकडं गेलंय, एवढंच."

"कुठं, ते तुमचा लाव्हाझिए सांगंल का?"

लाव्हाझिए सांगू शकला नसता. तो स्वतः करवसुलीच्या धंद्यात होता, आणि त्यापायीच ८ मे १७९४ रोजी क्रांतीवाल्यांनी त्याला गिलोटिनखाली घातलं. हा भाग वर्गात आला की सर फळ्यावर लिहायचे. डावीकडे 'लाव्हाझिए', मग बाण, उजवीकडे 'धड अधिक शिर'. खाली रेघ मारून जड आवाजात म्हणायचे, "वस्तुमान तेवढंच." आणि खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसायचे. आम्हाला हसू यायचं, पण त्या एका समीकरणाला हसायची हिंमत कोणी केली नाही.

घरी मात्र या शास्त्राला म्हणावा तसा मान नव्हता. एकदा गॅसची टाकी संपली तेव्हा मी तिथेच होतो. सर रिकामी टाकी दोन्ही हातांनी उचलून म्हणाले, "चौदा किलो दोनशे ग्रॅम होता. कुठं गेला?"

काकू म्हणाल्या, "तुमच्या पोटात."

"अगं नाही. निव्वळ ब्युटेन धरू." आणि त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागे मांडायला घेतलं. एका ब्युटेनला ऑक्सिजन लागतो साडेसहा रेणू. "आता साडेसहा रेणू म्हणजे काय? अर्धा नारळ वाणी देतो, अर्धा रेणू कोणी देत नाही. मग दोन्ही बाजूंची दुप्पट करा." दोन ब्युटेन, तेरा ऑक्सिजन; आठ कार्बन डायऑक्साइड, दहा पाणी. मग वजनं मांडली. चौदा किलो गॅसने हवेतून सुमारे ५१ किलो ऑक्सिजन ओढला आणि त्यातून सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड नि २२ किलो पाणी झालं. इकडे पासष्ट, तिकडे पासष्ट. सरांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा.

"बावीस किलो म्हणजे बावीस लिटर पाणी?" काकूंनी विचारलं.

"वाफ होऊन! याच स्वयंपाकघरात!"

"मग मी पहाटे साडेपाचला नळावर कशाला उभी राहते?"

सरांनी कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावलं. सुलट बाजूने.

शेजारधर्मातही हीच तऱ्हा. शेजारची वाटी रिकामी परत करू नये ही आपली रीत सरांना शास्त्रशुद्ध वाटायची. फक्त ते भरून आलेली वाटी आधी तोलायचे. शेजारच्या वहिनींनी पाव किलो खरवस पाठवला, तर सरांनी त्याच वाटीतून पाव किलो शेंगदाणे परत पाठवले. वहिनींना वाटलं, रिकामी कशी द्यावी, त्यांनी चिवडा भरला. सरांनी मोजून लाडू. त्यांनी लोणचं. असं अकरा वेळा झालं. सर खुशीत होते. "ही दुहेरी बाणाची अभिक्रिया आहे. दोन्हीकडून सारख्या वेगानं चालू आहे. समतोल म्हणतात याला!" बाराव्या खेपेला काकूंनी वाटी ठेवून घेतली आणि शेजारी जाऊन तोंडी सांगून आल्या. समतोल मोडला, दोन्ही घरं सुटली.

सरांची खरी कसोटी लागली ती आमच्या दहावीच्या वर्षी, तपासणीच्या दिवशी. साहेब मागच्या बाकावर टेकलेले. सरांना जोर चढला आणि पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून त्यांनी पोटॅशियम परमँगनेट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल फळ्यावर आणलं. उजवीकडे लिहिलं पोटॅशियम क्लोराइड, मँगनीज क्लोराइड, क्लोरीन. "साहेबांसाठी खास," म्हणाले, "घ्या हजेरी!"

पोटॅशियम जुळलं. मँगनीज जुळलं. मग हायड्रोजनची पाळी आली. डावीकडे हायड्रोजन आहे, उजवीकडे नाहीच. ऑक्सिजनचंही तेच. सरांनी आम्लाचे रेणू दोन केले, चार केले, आठ केले. जितके वाढवावेत तितके हायड्रोजन दारात ताटकळायला लागले आणि आत जागा एकालाही नाही. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. सरांच्या मधोमध भांगातून घामाची एक धार उतरली, तीही बरोबर नाकाच्या शेंड्यावर. साहेबांनी घड्याळ बघितलं. साठ पोरांनी श्वास धरला. कोणालाच काही सुचेना, आणि सुचलं असतं तरी बाजू सरांना चूक दाखवणार कोण?

इतक्यात दार ढकलून शिपाईमामा आत आले. हातात ट्रे, ट्रेवर पेला. साहेबांकडे जाताना सरांच्या अंगावरूनच गेले आणि हळूच म्हणाले, "सर, पाणी."

सर त्या पेल्याकडे बघत राहिले. मग इतक्या जोरात ओरडले की मामांनी अर्धा पेला साहेबांच्या फायलीवर सांडला.

"पाणी! पाणी राहिलं!"

उजवीकडे शेवटी एच-टू-ओ लिहिलं, आणि फळ्यावर मुक्कामाला आलेल्या वऱ्हाडाला एकदम खोल्या मिळाल्या. दोन परमँगनेट, सोळा आम्ल. उजवीकडे दोन पोटॅशियम क्लोराइड, दोन मँगनीज क्लोराइड, पाच क्लोरीन, आठ पाणी. सोळा हायड्रोजन इकडे, सोळा तिकडे. सोळा क्लोरीन इकडे. तिकडे दोन, चार आणि दहा, सोळाच. "दोन्ही बाजू?" सर घोगऱ्या आवाजात म्हणाले, आणि "सारख्या!" म्हणणाऱ्यांत साहेबही होते.

मी आता पतसंस्थेत कॅशियर आहे. संध्याकाळी कॅश लागली नाही, की बाकीचे लोक आकडे पुन्हापुन्हा बेरजेला घेतात. मी तसं करत नाही. डोळे मिटून विचारतो, पाणी कुठं राहिलं? बहुतेक वेळा कोणीतरी सकाळी चहाला म्हणून नेलेले पन्नास रुपये सापडतात.

दोन वर्षांपूर्वी सर अठ्ठावन्नाचे होऊन निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात शाल, श्रीफळ झालं. सर उत्तराला उभे राहिले आणि साहजिकच हिशेब मांडला. डाव्या बाजूला त्यांनी काय काय धरलं! संस्था, सहकारी, विद्यार्थी, पालक, शिपाईमामा आणि त्यांचा तो पेला, आमच्या वडिलांचा विळा. उजव्या बाजूला तेहतीस वर्षांच्या दहाव्या. एकेकाचं नाव घेऊन ऋण फेडलं. शेवटी हात पसरले. "दोन्ही बाजू?" सगळा मांडव गरजला, "सारख्या!"

पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो, तेव्हा घरात शांतता होती. सर खुर्चीत, शाल घडी करून मांडीवर. काकू पाटावर बसून मेथी निवडत होत्या.

"काल माझं नाव कुठं आलं नाही," काकू मेथीकडे बघत म्हणाल्या.

सर चपापले, पण शास्त्र मदतीला धावलं. "अगं, तू उत्प्रेरक. उत्प्रेरक बाणाच्या वर लिहितात. तो नसेल तर अभिक्रियेचं पाऊल पुढं पडत नाही. पण तो ना डावीकडं मोजतात, ना उजवीकडं. कारण तो खर्ची पडत नाही. अभिक्रिया संपली तरी होता तसाच राहतो."

"होता तसाच?" काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि जमिनीवर एक हात, भिंतीला एक हात, अशा दोन हप्त्यांत उठल्या. उठताना दोन्ही गुडघ्यांतून आवाज आला. डाव्यातून आला तसाच उजव्यातून. "हे ऐकलंत? दोन्ही बाजू सारख्या आहेत."

इतक्या वर्षांत सर निरुत्तर झालेले मी दुसऱ्यांदा पाहत होतो, आणि या वेळी पाण्याचा पेला घेऊन येणारं कोणी नव्हतं. ते काही वेळ शालीच्या घडीवर बोट फिरवत राहिले. मग उठले, शाल खुर्चीवर टाकली, कशीही, एक टोक लोंबकळत. आणि स्वयंपाकघरात गेले.

आतून भांड्यांचे आवाज येऊ लागले. दूध उतू गेल्याचा वास आला. बऱ्याच वेळाने सर तीन कप घेऊन बाहेर आले. तिन्हींत चहा अगदी एका रेघेत. एक काकूंना दिला, एक मला. स्वतःचा हातात धरून उभेच राहिले, निकालाच्या दिवशीच्या पोरासारखे.

काकूंनी घोट घेतला. मीही घेतला आणि खिडकीबाहेर बघितलं.

"दोन्ही बाजू?" सरांनी बारीक आवाजात विचारलं.

"साखर राहिली," काकू म्हणाल्या.

सर लगबगीने आत गेले. एक डबा उघडल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग तिसरा. मग एक झाकण पडून गोल गोल फिरत राहिलं. काकू शांतपणे मेथी निवडत होत्या.

"अगं," आतून सरांचा आवाज आला, "साखर कुठल्या डब्यात असते?"

"शोधा," काकू म्हणाल्या. "आधी धातूचे डबे बघा, मग बरण्या. सगळ्यात शेवटी थोरल्या सुनेला विचारा."